शाळेतली 'गळती' आणि मराठी आत्मकथने : एक पुनर्वाचन

१. प्रस्तावना

दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या मराठी आत्मकथनांवर गेल्या चार दशकांत विपुल समीक्षा झाली आहे. जातिव्यवस्थेचे दाहक दर्शन, बोलीभाषेचे सामर्थ्य, नकार आणि विद्रोह, अनुभवाची अस्सलता अशा अनेक अंगांनी या ग्रंथांची चर्चा झाली. विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही त्यांना मानाचे स्थान मिळाले. तथापि यांपैकी बहुतेक ग्रंथांत एक प्रदीर्घ कथानक समान आहे आणि त्याचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला आढळतो. ते कथानक शाळेचे आहे. शाळेत नाव घातले जाणे, शाळेत बसू दिले जाणे किंवा न जाणे, शाळा सुटण्याची वेळ येणे आणि ती न सुटणे, या घटनांभोवती या आत्मकथनांची पहिली शंभर पाने अनेकदा फिरत राहतात.

दुसरीकडे शिक्षणशास्त्रात 'विद्यार्थी गळती' हा विषय अहवाल, तक्ते आणि टक्केवारी यांच्या साहाय्याने अभ्यासला जातो. या दोन अभ्यासपरंपरांची गाठ सहसा पडत नाही. साहित्याचा प्राध्यापक 'अक्करमाशी' शिकवतो आणि शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक गळतीची कारणे शिकवतो. दोन्ही तास एकाच इमारतीत होत असले तरी एका तासाचे दुसऱ्याला काही ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात निवडक आत्मकथनांचे आणि दोन चित्रपटांचे वाचन शाळागळतीच्या प्रश्नाच्या संदर्भात केले आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, ही आत्मकथने मूल शाळेत का टिकत नाही हे तर सांगतातच, परंतु ते कशामुळे टिकते हेही अधिक नेमकेपणाने सांगतात. आपली समीक्षा मात्र या टिकण्याला 'जिद्द' असे नाव देऊन मोकळी होते आणि ग्रंथांनी दिलेला पुरावा हातचा घालवते.

२. 'गळती' या शब्दाची मर्यादा

भारतीय शिक्षणाच्या चर्चेत 'अपव्यय' आणि 'स्थगन' ही जोडी १९२९ च्या हारटोग समितीच्या अहवालापासून रूढ झाली. प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याआधीच मूल शाळेतून काढून घेतले जाणे हा अपव्यय आणि एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे राहणे हे स्थगन. अपव्यय कोणाचा, असा प्रश्न केला तर उत्तर मिळते ते शासनाने खर्च केलेल्या पैशाचा आणि श्रमाचा. मुलाचे काय वाया गेले हा प्रश्न त्या संज्ञेत दुय्यमच राहतो. पुढे मराठीत 'गळती' हा शब्द स्थिरावला. हा शब्द बोलका आहे. फुटक्या मडक्यातून पाणी गळते, जुन्या छपरातून पाऊस गळतो. गळणाऱ्या पाण्याला कोणी कारण विचारत नाही आणि पाण्याच्या बाजूने साक्ष देणारेही कोणी नसते. इंग्रजीतील 'ड्रॉपआउट' या शब्दात तर गळून पडणाऱ्यालाच कर्ता केले आहे. मिशेल फाईन यांनी न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक हायस्कुलाच्या अभ्यासावर आधारलेल्या 'फ्रेमिंग ड्रॉपआउट्स' (१९९१) या ग्रंथात, विद्यार्थी शाळा सोडतात या विधानामागे शाळा त्यांना कसकशी सोडते याचा शोध घेतला आहे.

कर्ता अदृश्य झाला की कारणाची जागा 'पालकांची अनास्था' हे ठरीव उत्तर घेते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोब' अहवालाने उत्तर भारतातील ग्रामीण भागाच्या पाहणीतून हा समज खोडून काढला होता. आपल्या मुलांनी शिकावे असे गरीब पालकांनाही तीव्रतेने वाटते, हे त्या अहवालाने दाखवून दिले. महाराष्ट्राला तर हे त्याहून फार पूर्वी सांगितले गेले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी, रयतेच्या करातून जमा झालेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे स्पष्टपणे मांडले. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, मागास वर्गांतील मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, अशी त्यांची मागणी होती. मूल शाळेत टिकवायचे तर काहीतरी ठोस द्यावे लागते, हे ज्ञान मराठी विचारपरंपरेत १८८२ पासून नोंदलेले आहे. आत्मकथने त्या नोंदीचाच पुढचा पुरावा आहेत.

३. नाव, सही आणि बसण्याची जागा

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाच्या आरंभीची सहल सर्वपरिचित आहे. सवर्ण मुलांची जेवणाची पंगत वेगळी, महार मुलांची वेगळी आणि उरलेल्या अन्नावर तुटून पडणारी भूक. दुसऱ्या दिवशी शिक्षक याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. समीक्षेने या प्रसंगाचे वाचन भुकेचा आणि अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून केले आणि ते योग्यच आहे. परंतु तो एक शैक्षणिक प्रसंगही आहे. जो अनुभव शाळेनेच दिला, तो शाळेच्याच भाषेत लिहिता येत नाही. निबंधाची वही कोरी राहते तेव्हा मूल अजून वर्गात असते, हजेरीपटावर उपस्थित असते, कोणत्याही तक्त्यात त्याची गळती झालेली नसते. मात्र शाळेपासून त्याचे तुटणे तेथूनच सुरू झालेले असते.

याच ग्रंथातील दुसरा धागा कागदपत्रांचा आहे. शाळेत नाव घालताना वडिलांचे नाव काय लावायचे, हा प्रश्न या मुलापुढे उभा राहतो. पुढे शुल्कमाफीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी असते आणि जात कोणती, पालक कोण या घोळात ती सही अडते. मुलाला शिकायचे आहे, आजीलाही त्याला शिकवायचे आहे, सवलत शासनाने मंजूर केलेली आहे. या सर्वांच्या मध्ये उभी आहे ती अर्जावरची एक रिकामी चौकट. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात हाच प्रश्न लेखकाच्या नावातच कोरला गेला आहे. वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लावून त्यांनी त्या चौकटीला उत्तर दिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या व्यक्तींच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. हा निर्णय येण्याच्या कितीतरी आधी मराठी आत्मकथनांनी ही अडचण सविस्तर मांडून ठेवली होती.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) अडचण वेगळी आहे. कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर असते. टोपल्या विणण्यासाठी फोक जेथे मिळेल आणि विकण्यासाठी गाव जेथे असेल तेथे पाल पडते. गाव बदलले की शाळा बदलते, शाळा बदलली की पुन्हा तोच प्रवेश, तीच परकी नजर आणि इतरांपासून दूर बसण्याची तीच जागा. शाळा स्थिर आणि विद्यार्थी फिरता, ही विसंगती 'उपरा'ने मांडली. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत ती आजही संपलेली नाही. साखरशाळा, हंगामी वसतिगृह, स्थलांतरित मुलासोबत द्यावयाचे शिक्षण हमी पत्रक, हे सर्व उपाय याच विसंगतीवर योजलेले आहेत. दिवाळीनंतर रिकामा होणारा बाक पाडव्यानंतर भरतो, पण मधल्या महिन्यांत जे शिकवून झाले ते परत येत नाही.

४. आतला दाब आणि बाहेरचा दाब

गळतीचा सगळा दोष शाळेवर टाकणारे सोपे वाचन या ग्रंथांना मान्य होणारे नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) जमातीच्या आतूनही विरोध येतो. ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का इंग्रजी अमदानीपासून मारला गेला, जिथे मुलाचे शिक्षण म्हणजे खिसे कापण्याचे शिक्षण, तेथे शाळेत जाणारे पहिले मूल हा अपशकुन ठरतो. वस्तीत मुले आजारी पडतात तेव्हा त्याचे खापर या मुलाच्या शाळेत जाण्यावर फोडले जाते. याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु लेखकाने हा प्रसंग ज्या तपशिलात मांडला आहे त्यातून वेगळे काही दिसते. शाळेने या वस्तीला आजवर काहीच दिलेले नाही आणि पोलीस ठाण्याने पुष्कळ दिले आहे. सरकारच्या नावाने दाराशी येते ते भयच, हा ज्यांचा अनुभव आहे, त्यांनी त्याच सरकारच्या शाळेवर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा? गायकवाडांना पुढे लातूरच्या सूतगिरणीत मजुरी करावी लागली, हा तपशीलही या वाचनात महत्त्वाचा आहे. शाळेतून बाहेर पडणारे मूल रिकाम्या पोकळीत जात नाही. बहुधा कोणते तरी काम त्याची वाट पाहत असते.

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मधील (२००३) एक प्रसंग या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. शाळेच्या आवारातील शेण काढण्यावरून शिक्षक या मुलीला मारतात आणि ती रडत घरी येते. या क्षणी शाळा सुटू शकली असती. कोकणातील एका खेड्यातील एक मुलगी शाळेत जाईनाशी झाली, तिच्या घरी बापाचे छत्र नव्हते, एवढ्यावर प्रकरण मिटले असते आणि तक्त्यात 'पालकांची अनास्था' या रकान्यात एकाची भर पडली असती. तसे झाले नाही. आयदाने विणून संसार चालवणारी आई त्या शिक्षकांना रस्त्यात गाठते आणि जाब विचारते. त्यानंतर मुलगी शाळेत जात राहते.

हा प्रसंग आईच्या धैर्याचा म्हणून गौरवला जातो. पण आणखी एक पाऊल पुढे जाऊन विचारले पाहिजे की हे धैर्य कोठून आले? ऊर्मिलाबाईंचे वडील स्वतः शिक्षक होते आणि मुलांना शिकव, असे ते पत्नीला बजावून गेले होते. कुटुंबात शिक्षण एका पिढीने आधीच आलेले होते आणि आंबेडकरी चळवळीचे वारे वाडीवस्तीपर्यंत पोहोचले होते. आईला जाब विचारता आला कारण शाळेवर आपलाही हक्क आहे, ही जाणीव त्या घरात रुजलेली होती. ज्या घरात ती रुजली नव्हती तेथील आईचे प्रेम काही कमी नसेल, पण शिक्षकाला रस्त्यात अडवण्याचे बळ तिला कोणी दिलेले नव्हते. एका मुलीचे शाळेत टिकणे हे असे एका पिढीच्या आणि एका चळवळीच्या संचितावर उभे असते.

५. 'जिद्द' या पदाची चिकित्सा

येथे मराठी समीक्षेच्या एका सवयीकडे वळणे आवश्यक आहे. या आत्मकथनांवरील परीक्षणांत, गौरवपर लेखांत आणि आपण स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकांत 'प्रतिकूल परिस्थितीवर जिद्दीने मात' हे शब्द वारंवार येतात. 'लेखकाची शिक्षणाची तळमळ स्पष्ट करा' हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी विचारलेला आहे. जिद्द खोटी आहे, असे येथे सुचवायचे नाही. परंतु जिद्द हे टिकण्याचे कारण मानले, तर न टिकलेल्यांजवळ जिद्द नव्हती, असा निष्कर्ष नकळत निघतो. गौरवाच्या आडून आलेला हा आरोपच आहे आणि तो ज्यांच्यावर होतो ते उत्तर द्यायला वर्गात हजर नसतात.

ग्रंथ मात्र जिद्दीपेक्षा फार साध्या गोष्टींची यादी देतात. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) संगमनेरच्या वसतिगृहाचे दिवस आहेत. तेथील राहण्याची सोय आणि दोन वेळचे जेवण नसते, तर धामणगावच्या मुलाचे माध्यमिक शिक्षण झाले असते का, हा प्रश्न ग्रंथ वाचताना टाळता येत नाही. 'अक्करमाशी'मध्ये एक मुख्याध्यापक आहेत. त्यांनी शाळेच्या दप्तरात जन्मदात्याचे नाव लिहिले आणि दबाव येऊनही ते बदलले नाही. कोठे शुल्कमाफी आहे, कोठे शिष्यवृत्ती, कोठे एखादे जुने पुस्तक देणारा वर्गमित्र. या प्रत्येक गोष्टीला किंमत आहे, ती कोणीतरी दिलेली आहे आणि पुन्हा देता येण्याजोगी आहे. जिद्द पुरवता येत नाही, वसतिगृह पुरवता येते.

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराचा इतिहासही हेच सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पण त्याआधी सोळा वर्षे, १९०१ पासूनच, त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका सुरू केली होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी शाहू बोर्डिंग हाऊस सुरू झाले आणि 'कमवा व शिका' ही त्यांची पद्धती ठरली. या दोघांनीही मुलांना जिद्द ठेवा असा उपदेश करण्याआधी राहण्याजेवण्याचा प्रश्न सोडवला. सक्ती आणि सोय या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात, हे त्यांना ठाऊक होते.

६. ज्यांनी आत्मकथन लिहिले नाही

आत्मकथनांच्या पुराव्याला एक मूलभूत मर्यादा आहे. आत्मकथन लिहितो तो लिहिण्याइतके शिकलेला असतो. त्याच्या शेजारी बसणारा, पाचवीत किंवा आठवीत नाहीसा झालेला मुलगा या ग्रंथांत एका वाक्यापुरता येतो आणि जातो. या अनुपस्थिताचे चित्रण करण्याचे काम अलीकडच्या काळात मराठी चित्रपटाने अधिक धीटपणे केलेले दिसते.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तील (२०१३) जब्या हा 'उपरा'च्याच, म्हणजे कैकाडी जमातीतला मुलगा आहे. चित्रपटाचे शीर्षकही कैकाडी बोलीतले असून त्याचा अर्थ डुक्कर असा होतो. दोन कलाकृतींमध्ये ३३ वर्षांचे अंतर आहे. 'उपरा'तला बाप मुलाला शाळेत घालण्यासाठी झटतो. 'फँड्री'तल्या बापाला डुकरे धरण्यासाठी मुलाचे हात लागतात. दुसरा बाप पहिल्यापेक्षा वाईट आहे, असे चित्रपट कोठेही म्हणत नाही. त्याच्यावर मुलीच्या लग्नाचा खर्च आहे आणि गावाने त्याला दिलेले हेच एक काम आहे. शाळेशेजारी डुकरामागे धावताना राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागीच थिजतात, हा प्रसंग या दृष्टीने मर्मभेदी आहे. समाजसुधारकांची चित्रे रंगवलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून मेलेले डुक्कर वाहून नेले जाते. ती भिंत आपल्याला बाहेरच्या बाजूने दिसते आणि हीच ती जागा जेथून आत्मकथन लिहिले जात नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दहावी फ' (२००२) या चित्रपटाचे जग शहरी आहे. येथे मुले शाळेतच आहेत, पण गुणांच्या उतरंडीवरून पाडलेल्या तुकड्यांत शेवटची तुकडी त्यांच्या वाट्याला आली आहे. तुकडीचे अक्षर हीच त्यांची ओळख बनते आणि त्या अपमानाचा स्फोट शाळेच्या मोडतोडीत होतो. त्यांचे शिक्षक त्यांना हाकलून देण्याऐवजी नुकसानभरपाईचा पैसा श्रमातून उभा करण्याच्या वाटेवर आणतात. चित्रपटाचा शेवट काहीसा आशावादी वाटला तरी त्याचे निदान अचूक आहे. शाळा सुटण्याआधी बराच काळ शाळेने त्या मुलाविषयीचे आपले मत ठरवून टाकलेले असते.

७. हिशेब कोणाचा मांडायचा

हे वाचन आजच्या माध्यमिक शाळेपर्यंत आणले, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. म्हणजे आठवीच्या उंबरठ्यावर कायद्याचा हात सुटतो आणि नववीत मूल एकटे प्रवेश करते. नववीत 'चाळणी' लावून दहावीचा निकाल उंचावण्याची प्रथा शिक्षकवर्गास अपरिचित नाही. दहावीच्या निकालाची टक्केवारी परीक्षेस बसलेल्यांवर काढली जाते. जो परीक्षेपर्यंत पोहोचलाच नाही तो ना उत्तीर्णांत, ना अनुत्तीर्णांत. शंभर टक्के निकालाच्या फलकावर त्याच्यासाठी जागा नसते. क्रमांक १७ चा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देण्याची किंवा २०१५ पासून जुलैमध्ये होऊ लागलेल्या पुरवणी परीक्षेची वाट उपयुक्त आहे, परंतु ती वाट विचारणारा विद्यार्थी अजून शाळेच्या संपर्कात असावा लागतो.

अमेरिकेत २००८ च्या संघीय नियमांनुसार हायस्कूल पूर्ण करण्याचा दर नववीत प्रथम दाखल झालेल्या गटावरून काढण्याची पद्धत ठरवली गेली. नववीत आलेल्यांपैकी किती जण चार वर्षांत पदविका घेऊन बाहेर पडले, असा तो हिशेब आहे. बदली झालेल्यांची वजाबाकी होते, पण नाहीशा झालेल्यांची होत नाही. हिशेबाची पद्धत बदलल्याने मूल शाळेत परत येत नाही हे खरे, पण ते नाहीसे झाले हे निदान लपवता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के नोंदणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. निबंधाची कोरी वही घेऊन बसलेल्या मुलाचीही नोंदणी झालेलीच होती, हे 'अक्करमाशी'चा वाचक विसरू शकत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष मांडता येतात. एक, आत्मकथनांत शाळा सुटणे ही एका दिवसाची घटना नाही. नाव, सही, बसण्याची जागा, मार, भूक आणि काम यांच्या दीर्घ साखळीचा तो शेवटचा दुवा आहे. दोन, शाळेत टिकणे हेही एकट्याचे कर्तृत्व नसून वसतिगृह, शिष्यवृत्ती, एखादा ताठ कण्याचा शिक्षक आणि चळवळीने घरात आणलेली हक्काची जाणीव यांचे फलित आहे. तीन, 'जिद्द' या पदाने या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात, म्हणून समीक्षेने आणि अध्यापनाने ते पद जपून वापरले पाहिजे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या वर्गात येतात ते सर्व गाळणीतून उरलेले असतात. म्हणून आपल्याला गळती दिसत नाही, केवळ तिचे उरलेले रूप दिसते. ही आत्मकथने शिकवताना एक साधा स्वाध्याय देता येईल. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्राथमिक शाळेतील बाकावरचा शेजारी आठवावा, तो कोणत्या इयत्तेपर्यंत बरोबर होता, नंतर तो कोठे गेला आणि त्या वेळी काय मिळाले असते तर तो थांबला असता, हे नाव न लिहिता दोन पानांत मांडावे. त्या वह्या एकत्र ठेवल्या, तर कोणत्याही तक्त्यात नसलेला एक दस्तऐवज तयार होईल. आत्मकथनांनी आपल्या शेजाऱ्याविषयी जे एक वाक्य लिहून सोडले, त्याचा पुढचा परिच्छेद लिहिण्याची जबाबदारी आता वाचकांवर, म्हणजे आपल्यावर, येऊन पडते.